लोखंडी हरीण आणि नऊ इंची भिंत

लोखंडाचे हरीण हाडामांसाच्या हरणापेक्षा वजनाला हलके भरते, ही गोष्ट मला वयाच्या ७२व्या वर्षी नातवाकडून कळली. हे हरीण रानातले नव्हे, पोकेमॉन नावाच्या जपानी व्हिडिओ गेममधले आहे. त्याचे नाव आयर्न लीव्ह्ज, म्हणजे लोखंडी पाने. ज्याच्या रूपावर ते बेतले आहे, तो व्हिरीझिअन नावाचा हिरवा, डौलदार, हरणासारखा जीव २ मीटर उंच आणि २०० किलो वजनाचा. त्याचे हे यंत्ररूप मात्र दीड मीटर उंच आणि १२५ किलोचे. ज्याचे उभे आयुष्य भुसार मालाच्या पेढीवर तागडीसमोर गेले, त्याची नजर आधी वजनावर जाणार हे ओघाने आलेच. “आबा, सगळं सोडून तुम्ही किलोच बघितले!” असे म्हणून नातू हसला. त्या निमित्ताने मी ते हरीण नीट पाहिले. धातूचे अंग, डोळ्यांच्या जागी दिव्यांचे ठिपके, डोक्यावर तळपणारी पाती. त्या पात्यांनी ते मोठमोठी झाडे आणि खडकसुद्धा भाजीसारखे चिरते, अशी त्याची ख्याती खेळातच नोंदलेली आहे.

अशा हरणाविषयी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने लेखणी उचलावी, याचे वाचकांना नवल वाटेल. म्हणून आमच्या घराची हकीकत आधी थोडक्यात सांगतो.

२०२१च्या दिवाळीनंतर माझ्या दोन्ही मुलांची वाटणी झाली. गावातल्या चार जाणत्या मंडळींना बसवून, कीर्द-खतावणी समोर ठेवून, सर्वांच्या संमतीने ती केली. पेढी थोरल्याकडे गेली, गोदाम आणि घाऊक व्यवहार धाकट्याकडे. राहत्या घराच्या मधोमध नऊ इंची भिंत उभी राहिली. वाटणी वाजवी झाली असे पंच म्हणाले आणि मलाही ती आजवर वाजवीच वाटत आली आहे. परंतु वाजवी वाटणीनंतरही माणसे दुरावतात. कोणाच्या वाट्याला काय आले यापेक्षा त्या दिवसांत कोण काय बोलले, हेच लक्षात राहते. दोघा भावांचे बोलणे थांबले, मग दोघी सुनांचे. मुलांना कोणी उघड मनाई केली नव्हती. तरी मुले मोठ्यांचे चेहरे वाचतात. दोघे चुलतभाऊ एकाच शाळेत जात, पण वेगवेगळ्या वेळी घरातून निघत. आम्ही नवरा-बायको एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे जेवत होतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंचे दार ज्यांना मोकळे होते, असे घरात आम्ही दोघेच उरलो होतो.

माझी लेक सिंगापूरला असते. २०२३च्या जानेवारीत ती माहेरी आली, तेव्हा तिने दोन्ही भाच्यांसाठी निन्टेंडो स्विच नावाचे हातात धरून खेळायचे यंत्र आणले आणि त्याबरोबर पोकेमॉनचा एकेक खेळ. यंत्रे सारखीच, पण खेळ मात्र वेगळे: थोरल्या नातवाला व्हायोलेट, म्हणजे जांभळा, धाकट्याला स्कार्लेट, म्हणजे लाल. दोघांना एकसारखीच वस्तू का आणली नाही, यावरून दोन्ही घरांत कुजबुज झाली. वाटणी झालेल्या घरात पेढ्याचा आकारही मोजला जातो. लेक एवढेच म्हणाली, “हा खेळ असाच विकतात, दोन तऱ्हांचा. आणि त्याचं कारण आहे.”

ते कारण समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. नातवांना विचारून आणि थोडे वाचून जे हाती लागले, ते व्यापारी घरांनी ऐकावे असे आहे.

हा खेळ ज्यांच्या कल्पनेतून निघाला ते सातोशी ताजिरी १९६५ साली जन्मले. त्यांचे बालपण टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात गेले. त्या काळी तेथे शेते होती, तळी होती, झाडी होती. आणि या मुलाला किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढे वस्ती वाढली, तळी बुजली, झाडी गेली आणि किडेही दिसेनासे झाले. १९८९ साली निन्टेंडो कंपनीचे ‘गेम बॉय’ हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आले. दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती. तोवर ती तार मुख्यत्वे एकमेकांशी सामना खेळण्यासाठी वापरली जाई. ताजिरींच्या मनात मात्र वेगळेच चित्र उभे राहिले: या तारेवरून एक किडा चालत एका मुलाच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात जातो आहे. ज्या तारेत इतरांना झुंज दिसली, तिच्यात या गृहस्थाला देवघेव दिसली. त्या एका चित्रातून पोकेमॉन जन्माला आला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी विक्रीस आल्या, एक लाल आणि एक हिरवी.

आता या दोन आवृत्त्यांतील मेख पाहा. खेळणाऱ्याने सर्व जातींचे प्राणी जमवून त्यांची नोंदवही पुरी करायची असते. पण लाल आवृत्तीतले काही प्राणी हिरवीत सापडत नाहीत आणि हिरवीतले काही लालमध्ये नाहीत. मूल कितीही हुशार असो, कितीही रात्री जागो, एकट्याच्या बळावर वही पुरी होऊच शकत नाही. दुसरी आवृत्ती असलेला सोबती शोधावा लागतो आणि त्याच्याशी देवघेव करावी लागते. इतकेच नव्हे, पहिल्याच खेळात चार प्राणी असे ठेवले होते की, मालक बदलल्याशिवाय त्यांची वाढ पूर्ण होत नसे. घरी कितीही जोपासा, ते अर्धवटच राहणार. दुसऱ्याच्या हाती सोपवा, की पूर्णत्वाला जाणार. देवघेवीत मिळालेला प्राणी तर स्वतः पकडलेल्यापेक्षा लवकर तयार होतो. आणि तो कितीही हातांतून फिरला, तरी त्याला प्रथम ज्याने पकडले त्याचे नाव त्याच्या नोंदीवर कायम राहते. हे ऐकताना मला आपल्या जुन्या हुंडीची आठवण झाली. हुंडी दहा हातांतून गेली, तरी मूळ पेढीचे नाव तिच्यावरून पुसले जात नसे.

दोन आवृत्त्या काढण्यात कंपनीचा व्यापारी हिशेब आहे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. एकाच घरात दोन खेळ खपतात. कित्येक आईबाप एकाच मुलासाठी दोन्ही घेत असतील. आपणही जोडीची वस्तू विकतोच. परंतु नफ्याचा मार्ग आणि माणसे जोडण्याचा मार्ग एकच असू शकतो, हे ज्या व्यापाऱ्याला साधले त्याची दुकानदारी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. हा खेळ टिकला आहे. पहिल्या खेळात दीडशेच्या आसपास प्राणी होते. आमच्या लोखंडी हरणाचा अनुक्रमांक १०१० आहे.

हे हरीण २७ फेब्रुवारी २०२३ रोजी, खेळाच्या वाढदिवशी, अवतरले. १२ मार्चपर्यंतच ते भेटणार होते आणि एका खेळाडूला एकच मिळणार होते. ते केवळ जांभळ्या आवृत्तीत प्रकट होई. लाल आवृत्तीत त्याच वेळी वॉकिंग वेक नावाचा, प्राचीन सरड्यासारखा, पाण्याचे बळ असलेला दुसरा प्राणी येई. जांभळी आवृत्ती भविष्याची आणि लाल भूतकाळाची, अशी त्या खेळाची मांडणी आहे. यंत्राचे हरीण भविष्यातले, सरडा पुरातन काळातला.

त्या महिन्यात आमचे जेवण थोरल्याकडे होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक परीक्षेची धास्ती असताना नातवाला रोज अर्ध्या तासाची मुभा होती. त्या अर्ध्या तासात तो दोनदा हरणाला सामोरा गेला आणि दोनदा हरला. या सामन्यात एका बाजूला ते हरीण असते आणि दुसऱ्या बाजूला चार खेळाडू. सोबती नसतील, तर त्यांच्या जागा यंत्रच भरून काढते. पण यंत्राचे सोबती वेळेला उपयोगी पडतीलच असे नाही. नातू रडवेला झाला. आमच्या घरातील बाईमाणसांना मात्र वेगळीच चिंता होती. सौभाग्यवतीने विचारले, “अरे, त्या हरणाला मारतोस का तू?” त्याने डोळे पुसत समजावले, “नाही आजी, या खेळात कुणी मरत नाही. दमून खाली बसतात. मग दवाखान्यात नेलं की बरे होतात.” ही गोष्ट खरी आहे. या खेळात जीव हरतो, तेव्हा तो मूर्च्छित होतो; मृत्यू दाखवायचा नाही, हे ताजिरींनी हेतुपूर्वक ठरवले होते.

त्याच बोलण्यात त्याने मूळच्या हरणाची, व्हिरीझिअनची कथाही आजीला सांगितली. माणसांच्या युद्धात एकदा अरण्याला आग लागली आणि तेथले जीव बेघर झाले. तेव्हा व्हिरीझिअन आणि त्याचे दोन सोबती माणसांविरुद्ध उभे राहिले आणि त्यांनी त्या जिवांचे रक्षण केले. भांडण माणसांचे होते आणि होरपळले ते ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आजीने ती कथा ऐकून घेतली, भिंतीकडे एकदा पाहिले आणि ती काही न बोलता आत गेली.

हरणाला नमवायचे कसे, याचे उत्तर धाकट्या नातवाकडे होते. सामन्यातले ते हरीण मानसशक्तीच्या बळावर लढते आणि त्या बळापुढे कीटकवर्गीय प्राण्याचा वार दुप्पट लागतो. थोरल्याला किड्यांची आवड नाही. त्याने आगीचे नि लोखंडाचे प्राणी पाळले होते. धाकटा मात्र पहिल्या दिवसापासून एक कीटक पदरी बाळगून होता आणि त्याने तो निगुतीने तयार केला होता. माचिदाच्या तळ्याकाठी किडे शोधणाऱ्या त्या मुलाला हे ऐकून बरे वाटले असते.

आता तारेची गरज उरलेली नाही. दोन यंत्रे जवळ असली, की इंटरनेटवाचूनही आपोआप बिनतारी जोडली जातात. आमच्या मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी मुलांच्या खोल्या लागून आहेत. एका संध्याकाळी थोरला भिंतीपाशी बसला आणि त्याने बोटांच्या पेराने तीनदा टकटक केली. सव्वा वर्षात त्या भिंतीवर खिळे ठोकल्याचे आवाज झाले असतील, पण कोणी कोणाला हाक म्हणून ती वाजवल्याचे मला स्मरत नाही. पलीकडून टकटक आली. मग भिंतीला तोंड लावून बोलणे सुरू झाले. “तुझा किडा आण.” “तू मला आत घेशील?” “घेतो की. मग उद्या तू मला घे.”

पहिल्याच प्रयत्नात हरीण दमले. मी थोरल्याशेजारी बसून पाहत होतो. दोघांचा जल्लोष एकाच वेळी झाला; निम्मा या खोलीत आणि निम्मा भिंतीतून. मी व्यापाऱ्याच्या सवयीने विचारले, “हरीण एक आणि तुम्ही दोघे. मग मिळाले कोणाला?”

तो म्हणाला, “दोघांना. जो सामन्यात असतो, त्या प्रत्येकाला आपापलं मिळतं.”

“मग तुझ्यातले काही कमी झाले का?”

“नाही आबा. त्याला बोलावल्याने माझं कसं कमी होईल?”

मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. उभ्या आयुष्यात मी ज्या वस्तू वाटल्या, त्या वाटल्याने घटणाऱ्या होत्या. पोते दोघांत वाटले, तर प्रत्येकी अर्धे पोते. जमीन, सोने, दुकानाचा गाळा, सगळ्यांचा हिशेब असाच. म्हणून तागडी हवी, पंच हवेत, कागद हवा. हा हिशेब खोटा नाही. तो चोख ठेवल्यानेच कुटुंबे कोर्टकचेरीपासून वाचतात. पण घरात दुसऱ्याही काही वस्तू असतात: पेढीची पत, गिऱ्हाइकाचा विश्वास, घरच्या पाककृती, सणाचा दिवस, आजोळचे प्रेम. त्या वाटल्याने घटत नाहीत, उलट एकट्याने उपभोगू म्हटले तर विटतात. वाटणीच्या दिवसांत डोके घटणाऱ्या वस्तूंत इतके गुंतलेले असते, की न घटणाऱ्या वस्तूंवरही आपण नकळत भिंत बांधून बसतो. कागदावर तसे कोणी लिहिलेले नसते. पण वागण्यात ते उतरते.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने थोरल्याला आपल्या खेळात घेतले आणि त्या पुरातन सरड्याची गाठ घालून दिली. सव्याज फेड झाली. मग एक छोटी अडचण उद्भवली. धाकट्याच्या यंत्राचा चार्जर बिघडला. तो आमच्या गावात मिळण्यासारखा नव्हता आणि त्याचे हरीण त्या बंद यंत्रात होते. ही वार्ता भिंतीतून आली. थोरल्या सूनबाईंनी ती स्वयंपाकघरात ऐकली. त्यांनी आपल्या मुलाचा चार्जर काढला, पुसला, एका डब्यात घातला आणि मुलाच्या हाती दिला. “देऊन ये. संध्याकाळी परत आण म्हणावं.” बस, एवढेच.

संध्याकाळी डबा परत आला. आपल्याकडे दुसऱ्याच्या घरचे भांडे रिकामे परत पाठवीत नाहीत. डब्यात चार्जर होता आणि त्याच्याखाली, कागदात गुंडाळलेली, शेंगदाण्याच्या चटणीने भरलेली वाटी. आता वाटी धाकट्या घरची. तीही रिकामी जाणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी ती गव्हाच्या खिरीने भरून गेली. वाटणीने जे तोडले होते ते वाटीने सांधायला घेतले, असे सौभाग्यवती म्हणाली. तिच्या विनोदावर मी हसलो नाही, कारण तो विनोद नव्हता.

१२ मार्चला हरीण खेळातून निघून गेले. परीक्षा झाल्या. वाटी मात्र फिरत राहिली.

एका व्हिडिओ गेमने दोन भावांचे मनोमिलन घडवले, असे लिहिले तर ते वाचायला गोड वाटेल, पण ते खरे होणार नाही. भिंत जागेवर आहे आणि ती राहावी, असेच माझे मत आहे. दोन संसारांना आपापली चूल हवी. भावांमध्ये पूर्वीचा मोकळेपणा अजून आलेला नाही. तरी त्या एप्रिलमध्ये थोरल्याचा माल एकदम आला आणि पेढीत ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा तो मला म्हणाला, “आबा, त्याच्या गोदामात आठवडाभर जागा होईल का, विचारून बघता?” मी म्हटले, “नंबर तुझ्याकडे आहे. तूच विचार.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने फोन लावला. बोलणे मिनिटभराचेच झाले. भाडे किती, हेही त्यात ठरले. रात्री पोती उतरली. मला त्या भाड्याचेच जास्त समाधान वाटले. उपकाराचे ओझे नको आणि अबोलाही नको. चोख व्यवहार ही दोन माणसांनी पुन्हा बोलू लागण्याची पुष्कळदा पहिली पायरी असते, हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.

वाटणीत एक वस्तू तेवढी निकाली निघायची राहिली होती. माझ्या वडिलांची पितळी तागडी आणि तिची वजने. आता वजन काट्यावर होते; त्या जोडाची बाजारात किंमत फारशी नाही, म्हणून पंचांनीही ती मोजली नव्हती. दोघांनाही ती हवी होती आणि दोघेही तसे बोलून दाखवत नव्हते. गेल्या वर्षी मी तिचा निवाडा केला. ताजिरींनी खेळाच्या आवृत्त्या काढल्या, तशाच मी दोन आवृत्त्या काढल्या. तागडी थोरल्याला दिली आणि वजने धाकट्याला. वजनांवाचून तागडी नुसती लोंबकळते. तागडीवाचून वजने म्हणजे पितळेचे गोटे. दिवाळीत वह्यांच्या पूजेबरोबर आमच्याकडे तागडीचीही पूजा होते. यंदा ती कोणाच्या घरी मांडायची, ते त्या दोघांनी ठरवायचे आहे. मी विचारणार नाही, सुचवणारही नाही.